तातूचा डाव

"नो, थँक यू," असं म्हणून तातूने हातातला लाकडी डाव टीव्हीतल्या निळ्या बेडकापुढे आडवा धरला.

बेडूक पिवळ्या बदकाला गाजर देऊ पाहत होता. बदकाला ते नको होतं. नको कसं म्हणायचं हे शिकवायला तेच तीनदा दाखवलं, आणि तिन्ही वेळा तातूचं उत्तर बदकाच्या आधी तयार होतं. बालवर्गातल्या वीतभर खुर्चीत ती कशीबशी मावली होती. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागत होते. दुपारची जेवणं आटोपून, टोप पालथे घालून ती आली होती. फक्त डाव तेवढा हातातच राहून गेला होता.

"शब्द अगदी बरोबर आले," मागून ओलिवा म्हणाली. ही बालवर्गाची तरुण बाई. टीव्ही तिच्याच वर्गातला, व्हिडिओही तिनेच आणलेले. "पण इतकं रागाने म्हणायचं नसतं, तातूमावशी. बदक बघा कसं हसून म्हणतंय."

"त्याला कुणी नोकरीवरून काढत नाहीये. हसेल नाहीतर काय."

ओलिवा हसली. पण खरंच होतं ते. जानेवारीत शाळेवर नवे हेडमास्तर आले, मसावे सर, आरुशा शहरातले. आल्या आल्या त्यांनी फाटकावरची जुनी पाटी उतरवली आणि 'इंग्लिश मीडियम' अशी नवी रंगवून घेतली. पाटीपुरतं होतं तोवर कुणाचं पोट दुखलं नाही. मग हुकूम निघाला, की फाटकाच्या आत आपल्या स्वाहिली भाषेचा एक शब्द उच्चारायचा नाही. मुलांनी नाही, शिक्षकांनी नाही, राखणदाराने नाही आणि आचारणीनेही नाही. राखणदार बिलंदर. त्याने दुसऱ्याच दिवसापासून बहिरेपणाचं सोंग घेतलं. तातूला तशी सोय नव्हती. तिच्या खिडकीवर रोज दोनशे साठ मुलं येऊन काहीतरी मागत होती.

महिनाभराची मुदत होती. त्यानंतर परीक्षा, आणि तीत नापास झाली तर टांगा शहरातून इंग्रजी बोलणारी बाई आणायची, असं सरांनी शाळेच्या समितीला सांगून ठेवलं होतं. तातू छप्पन्न वर्षांची. लुशोतोच्या या डोंगरात जन्मली आणि बावीस वर्षं या एकाच चुलीपुढे बसली. तिच्या हातची पेज पिऊन मोठी झालेली पोरं आता आपली पोरं याच शाळेत घालत होती. पहिल्या रात्री तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तिला त्या रडण्याचाच राग आला. माझ्या टोपाला दुसरी बाई हात लावणार? बघू बरं! ती ओलिवाकडे गेली आणि म्हणाली, की बाळांना शिकवतेस तेच मला शिकव.

म्हणून ही खुर्ची, हा बेडूक आणि हे बदक. पंचवीस दिवसांत तिने रंग घोकले, फळं घोकली, स्पून, पॉट, फायर, हॉट हे तर एका बैठकीत. बेडूक-बदकाचा झोपाळ्याचा एक खेळ होता. त्यात एकदा बेडूक म्हणायचा माय टर्न, मग बदक म्हणायचं माय टर्न.

"म्हणजे आता माझा डाव," ओलिवाने सांगितलं होतं.

तातूला हे भारी आवडलं. तिला स्वतःचं नावही इंग्रजीत सापडलं होतं. आईबापांची तिसरी मुलगी म्हणून तिचं नाव तातू, म्हणजे तीन. टीव्हीवर थ्री आला की ती डावाने आपल्या छातीकडे बोट दाखवायची.

एका व्हिडिओवरून मात्र तिचा सारखा खटका उडे. घड्याळाचा. त्यात बेडूक सातला उठायचा आणि आठला न्याहारी करायचा.

"काय हा आळशी देश आहे तरी कुठला?" ती म्हणाली. "सात वाजता उठतात? त्या वेळी माझी दुपारची पंगत बसलेली असते!"

ओलिवाला वाटलं, मावशी थट्टा करतेय. ती खळखळून हसली आणि पुढचा व्हिडिओ लावून मोकळी झाली. तातू थट्टा करत नव्हती. तिच्या गावात, तिच्या भाषेत, उजाडल्यावर एक तास झाला की एक वाजतो. सूर्य डोक्यावर आला की सहा. पोरांची सकाळची पेज चारला आणि जेवण सातला. यात चुकण्यासारखं काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

*

हुकमाबरोबर सरांनी आणखी एक गोष्ट आणली होती. मोडक्या बाकाची फळी कापून केलेला एक काळपट लंबगोल तुकडा, वर भोक, भोकात सुतळी. पोरं त्याला कासव म्हणत. जो स्वाहिली बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात कासव. त्याने मग कान टवकारून हिंडायचं, दुसरा कुणी सापडला की आपलं कासव त्याच्या गळ्यात घालायचं आणि सुटायचं. शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात ते असेल त्याचं नाव ओलिवाने वहीत लिहायचं. मूल असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी झेंड्यापुढे एकटं उभं राहायचं. मोठं माणूस असेल आणि एका आठवड्यात तीनदा नाव लागलं, तर त्याने पुन्हा फाटकात पाऊल टाकायचं नाही.

या कासवाने एका महिन्यात शाळेचं जे केलं ते तातू खिडकीतून बघत होती. जिवाभावाच्या मैत्रिणी एकमेकींच्या मागे लपून ऐकत. भाऊ भावाला पकडून देई. सुट्टीत आवार असं गप्प असे की पेज रटरटल्याचा आवाज फाटकापर्यंत जाई.

सगळ्यात वाईट झालं झुवेनाचं. दुसरीतली ही मुलगी, पुढचे दोन दात पडलेली, बडबडी. पहिल्याच आठवड्यात ती खिडकीशी आली आणि सवयीने म्हणाली, "शिकामू, आजी."

थोरांना पाहिलं की लहानांनी शिकामू म्हणायचं, आणि थोरांनी मराहाबा म्हणून ते घ्यायचं. आईच्या दुधाबरोबर येते ती ही गोष्ट. तातूच्या तोंडात मराहाबा यायच्या आत मागच्या पोराने झुवेनाच्या गळ्यात कासव टाकलं. पुढे भूक लागली की झुवेनाला इंग्रजी आठवेना, आणि खिडकीपाशी तर रोज भूकच लागलेली. सहा वेळा ती झेंड्यापुढे उभी राहिली. मग तिने बोलणंच सोडलं. वाडगा पुढे करायची, बोटाने दाखवायची, निघून जायची. मान दिला म्हणून लेकराला शिक्षा झाली, आणि तो मान होता आपल्याला, हे तातूच्या मनाला काही केल्या सोडत नव्हतं.

*

परीक्षा बुधवारी झाली, दुपारी, बालवर्गातच. सर मोठ्या खुर्चीत, शेजारी समितीचे एक म्हातारे गृहस्थ, दाराशी ओलिवा. तातू आपल्या वीतभर खुर्चीत जाऊन बसली, तशी सरांनी तिला मोठी खुर्ची देऊ केली.

"नो, थँक यू," ती म्हणाली. या वेळी हसून म्हणाली. म्हातारे गृहस्थ खूश झाले.

रंग झाले, भाज्या झाल्या, भांडी झाली. एक मूल आणखी वाढा म्हणतंय, तर त्याला काय म्हणाल? "येस, डार्लिंग, वेट." चटका बसेल असं कसं सांगाल? "स्टॉप! व्हेरी हॉट!" ती असं ओरडली की गृहस्थांनी खरंच हात मागे घेतला. ओलिवाने दाराआडून मूठ वळून दाखवली. सरांच्या कपाळावरची आठीही विरली. खोटं कशाला बोला, ते मनापासून म्हणाले, "व्हेरी गुड."

"शेवटचा प्रश्न," ते इंग्रजीत म्हणाले. "सकाळची पेज तुम्ही किती वाजता वाढता?"

हा तर हातचा मळ होता. "फोर ओ'क्लॉक," तातूने सांगितलं.

सर हसले. "नो. टेन ओ'क्लॉक."

"नो. फोर."

"टेन," सर म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळात दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

तातूचं डोकं फिरलं. भाज्या चुकली असती, रंग चुकली असती तर तिने ऐकून घेतलं असतं. पण बावीस वर्षं जी पेज तिने एक दिवस उशिरा वाढली नाही, तिची वेळ हा महिन्यापूर्वी आलेला माणूस तिला शिकवणार? तिला भांडायचं होतं आणि भांडायला शब्द नव्हते. बेडूक आणि बदक सगळं शिकवतात, पण भांडायला शिकवत नाहीत. झोपाळ्यावरूनही भांडत नाहीत ती मेली!

"अहो, चार म्हणजे चार!" ती खुर्चीतून उठून स्वाहिलीत कडाडली. "दिवस उगवून चार तास झाले म्हणजे चार! तुमच्या त्या डबीला विचारून सूर्य उगवतो काय? तुमची आई कितीला वाढत होती तुम्हाला पेज? दहाला?"

ओलिवाने डोळे मिटून घेतले.

सरांनी टेबलाचा खण उघडला. त्या दिवशी अजून कुणी सापडलं नव्हतं, म्हणून कासव खणातच होतं. त्यांना हे आवडत नव्हतं असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, पण नियम त्यांचाच होता. त्यांनी कासव बाहेर काढलं, उठून तातूजवळ आले, आणि स्वतःपेक्षा थोरल्या बाईच्या गळ्यात सुतळी घातली.

*

"परीक्षेत तुम्हाला पास केलंय, पण हे ताबडतोब कुणाच्या तरी गळ्यात घाला," ओलिवा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली. "काय अवघड आहे? दोनशे साठ पोरं तुमच्यापुढून जातात. एकाच्या तरी तोंडून निघेलच ना."

"दर दुसऱ्याच्या तोंडून निघतं. मी बहिरी नाही. बहिरा तो राखणदार."

"मग?"

"मग काय? लेकरांच्या वाडग्यात वाढायला मी इथे आले. त्यांच्या गळ्यात दोरी घालायला नाही."

"तीन दिवस, मावशी. आज, उद्या, परवा. शुक्रवारी तिसरं नाव लागलं की संपलं. आणि ती वही मला लिहायला लावतात, मला!" ओलिवाचा आवाज चिरकला. "मलाच घाला हवं तर. मी आता स्वाहिलीच बोलतेय."

"तुझ्या गळ्यात घातलं तर तू उद्या ते एखाद्या पोराच्या गळ्यात घालशील. घालशील की नाही?"

बुधवारच्या घंटेला वहीत पहिलं नाव लागलं, तातू.

गुरुवारी एक गंमत झाली, आणि ती तातूच्या आधी पोरांच्या ध्यानात आली. कासव एकच होतं. ते आचारणीच्या गळ्यात होतं, आणि आचारीण ते कुणाला देत नव्हती. म्हणजे कासव कुणालाच चावणार नव्हतं! आधी पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी दबक्या आवाजात हाक मारली. मग दुसऱ्याने उत्तर दिलं. चार वाजता, म्हणजे तातूच्या चारला, पेजेची घंटा झाली तेव्हा रांगेत धक्काबुक्की, चिडवाचिडवी आणि भांडणं सगळं स्वाहिलीत चाललं होतं. असा गलका या आवारात महिन्याभरात झाला नव्हता. तातू वाढत होती आणि तिच्या छातीवर कासव टोपाच्या काठाला लागून टकटक वाजत होतं.

झुवेनाचा वाडगा पुढे आला. तिने आधी तातूच्या गळ्याकडे पाहिलं, नीट खात्री करून घेतली.

"शिकामू, आजी," ती दातांच्या फटीतून हवा सोडत म्हणाली.

"मराहाबा, माझ्या बाई, मराहाबा," तातू म्हणाली. "किती वाढू?"

"पुष्कळ. आणि साय नको. आणि आजी, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक पांढरं आहे आणि एकाचा कान असा आहे, आणि..."

मागचे ओरडायला लागले, तरी झुवेनाचं शेळीपुराण संपेना. महिन्याचं साठलं होतं बिचारीचं.

त्याच दिवशी दुपारी सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इंग्रजीतच बोलले, पण सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून, तिला कळावं म्हणून. बरंच काही बोलले. तातूला त्यातलं थोडंच लागलं. मी. लहान. शाळा. मग त्यांनी आपल्या गळ्याला हात लावून दाखवला आणि सहा बोटं वर केली. मग सभोवार हात फिरवून छातीवर ठेवला. त्यावरून तिने अर्थ जुळवला, की यांच्याही गळ्यात सहा वर्षं असंच काहीतरी होतं, आणि त्यामुळेच आपण आज हेडमास्तर आहोत असं यांना वाटतं. सहा वर्षं! तिला त्यांची कीव आली. कीव आली म्हणून राग काही कमी झाला नाही.

"प्लीज," सर जाता जाता म्हणाले.

गुरुवारच्या घंटेला दुसरं नाव लागलं.

*

शुक्रवारी तातू पहाटे उठून न्हाली आणि पेटीतलं नवं छापील वस्त्र, कांगा, काढून नेसली. दुसरी अंगावरून घेतली. तातूच्या गावाकडे कांगेच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. ज्या बायांना तोंडाने बोलता येत नाही त्या कांगा नेसून शेजारणीला सुनावतात. तातूच्या पाठीवर लिहिलं होतं, आपली रीत सोडेल तो गुलाम. बोलायला बंदी होती. नेसायला नव्हती. सरांना काय करायचं ते करू दे, कासव तर आधीच गळ्यात आहे.

पेजेच्या वेळी सर स्वतः खिडकीपाशी येऊन थांबले. रांगेत आज झुवेना सगळ्यात पुढे होती. तिने सरांना पाहिलं, पण तोवर शब्द तोंडाबाहेर पडला होता. "शिकामू, आजी."

"मराहाबा," तातू म्हणाली.

"तुम्ही ऐकलंत," सर इंग्रजीत म्हणाले. "मीही ऐकलं. आता ते तिला द्या."

झुवेनाने वाडगा छातीशी धरला आणि मान खाली घातली. तिला पुढचं ठाऊक होतं.

तातूने डाव टोपात उभा केला. "नो," ती म्हणाली. "थँक यू."

"मग पेज मिळणार नाही. कुणालाच नाही. कासव तिच्या गळ्यात जाईपर्यंत वाढायचं नाही."

तातूला सगळे शब्द कळले नाहीत, पण सर खिडकीला आडवा हात धरून उभे राहिले तेव्हा बाकीचं कळलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात कमरेवर ठेवले आणि ती उभी राहिली. सर उभे राहिले. मुलं उभी राहिली. धुकं उतरून ऊन पायरीवर आलं होतं. पेजेवर साय धरली, मग तिला सुरकुत्या पडल्या. मागे एक लहान पोरगं भुकेने मुसमुसायला लागलं. त्याला गप्प करायला कुणीतरी पुटपुटलं, तेही स्वाहिलीत. सरांनी वळून पाहिलं. इतक्या तोंडांपैकी कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता.

सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खिडकीच्या चौकटीवर हात टेकून आत वाकले, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाले,

"मावशी, ऐका ना माझं. चार वाजून गेले. पोरं उपाशी आहेत."

आवाज हलका होता, पण आवार इतकं शांत होतं की शेवटच्या पोरापर्यंत तो गेला. दाराशी उभ्या असलेल्या ओलिवाने तोंडावर हात ठेवला. सर बोलले होते स्वाहिलीत.

तातू त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या कानात शब्द एकच राहिला होता. तिने मान थोडी तिरकी केली आणि टीव्हीतला बेडूक विचारतो तशा, अगदी त्याच चालीत, तिने विचारलं,

"व्हॉट टाइम इज इट?"

सरांनी मनगटाकडे पाहिलं. काटा दहाच्या पुढे होता. रांगेत कुणीतरी उचकी लागावी तसं हसलं आणि लगेच गप्प झालं. झुवेना सरांच्या गळ्याकडे बघत होती. मग सगळी रांग तिकडेच बघायला लागली. नियम सगळ्यांना पाठ होता.

"फोर," सर शेवटी म्हणाले. आणि चौकटीवर वाकलेली मान त्यांनी वर केली नाही, तशीच ठेवली.

तातूने सुतळी गळ्यातून काढली. दोन्ही हातांनी ती रुंद केली. इतकी वाट पाहिली होती या घटकेची, आणि तिला ती हवीही होती, अगदी मनापासून हवी होती. समोर मान होती. मागचे केस बारीक कापलेले, कानामागे साबणाचा एक थेंब वाळलेला. घाईत आंघोळ करून शाळेला पळणाऱ्या कुठल्याही पोराची असते तशी मान. सहा बोटं, तिला आठवलं.

तिने कासव पुन्हा आपल्याच गळ्यात टाकलं.

"पोरं उपाशी आहेत," ती खणखणीत स्वाहिलीत म्हणाली, साय बाजूला सारली आणि झुवेनाचा वाडगा काठोकाठ भरला.

सर सरळ झाले आणि खिडकीपासून दूर झाले. दुपारच्या जेवणाला ते कुणाला दिसले नाहीत.

*

शेवटच्या घंटेच्या आधी ओलिवा वही घेऊन आली. तातू पालथ्या टोपावर बसून होती. तिने चूल विझवली होती, राख भरली होती, तिखटामिठाचे डबे पुसून ओळीने लावले होते. मागून येणाऱ्या बाईला नावं ठेवायला जागा नको.

"लिही," ती म्हणाली. "टी, ए, टी, यू. मला येतं सांगता आता."

"लिहायला जागाच नाही," ओलिवा म्हणाली. तिचा चेहरा विचित्र झाला होता; हसू आणि रडू दोन्ही एकाच वेळी आल्यासारखा. "कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. कचेरीतून वही आणली तेव्हा लिहिलेलंच होतं."

तिने वही पुढे केली. शुक्रवारपुढे तिरप्या, हेडमास्तरी अक्षरात एक नाव होतं. तातूने कांगेला हात पुसले, वही उजेडाकडे धरली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. हे अक्षर तिला चांगलं ठाऊक होतं. व्हिडिओत त्यातून शेपटी बाहेर यायची.

"एम," ती म्हणाली. "एम फॉर माउस."

"एम फॉर मसावे," म्हणत ओलिवा मटकन पायरीवर बसली आणि दोघी बराच वेळ हसल्या. घंटा झाली. मुलं गलका करत फाटकाबाहेर पडली. राखणदाराने कुणालातरी शिव्या घातल्या, आणि पलीकडून आलेल्या शिव्याही त्याला स्वच्छ ऐकू आल्या असाव्यात, कारण त्याने लगेच उत्तर दिलं.

"आता काढा ना ते," ओलिवाने तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "द्या, मी कचेरीत ठेवून येते."

"म्हणजे सोमवारी ते खणातून बाहेर येऊन कुणाच्या तरी गळ्यात जाणार."

"मग काय, तुम्ही जन्मभर घालून हिंडणार?"

तातूने कासव कांगेच्या आत सरकवलं आणि उठली.

"माय टर्न," ती म्हणाली, आणि राहिलेला डाव घासायला घेतला.